दुकानात माणसे किती?

प्रिय कारभारणीस,
तुझ्या कारभाऱ्याचा दुरून रामराम.

परवा सकाळी देवाचे नाव घेऊन एका किराणा दुकानात प्रश्न विचारायला गेलो. छोटी दुकाने नफ्यात कशी चालतात, हाच माझ्या डॉक्टरेटचा विषय, तुला पाठ झालाय.

"दुकानात माणसे किती?" मी विचारले.

"दोघे. मी आणि नोकर," मालक म्हणाला.

त्याची बायको शेजारीच साखर तोलत होती. मान वर न करता म्हणाली, "लिहून घ्या साहेब. मी इथे हवा खायला येते."

आम्ही सगळेच हसलो. पण खोलीवर आल्यावर सगळ्या वह्या पुन्हा उघडल्या. इतकी दुकाने फिरलो, आणि मालकाच्या बायकोची मजुरी खर्चात धरायचे मला सुचलेच नव्हते. ती धरली, तर बऱ्याच दुकानांचा नफा उरतच नाही. प्रबंधाचा पायाच कच्चा.

मार्गदर्शक वयाने लहान, पण भला माणूस आहे. "एक तळटीप टाका आणि सुटा, काका. यंदाच घरी जाल," म्हणाला. मोह झाला, खोटे कशाला सांगू?

तुझी कंबर कशी आहे? आपल्या पिठाच्या गिरणीचा पट्टा एकटीने चढवू नकोस, भाच्याला हाक मार. धाकटी जेवते ना वेळेवर? मी ठणठणीत आहे. माझी भाजी आता मलाही खाववते.

तू गिरणीत उभी राहतेस, म्हणून मी इथे शिकतो. तुझ्यासारखीला तळटिपेत बसवणे मनाला पटेना. यंदा येतो म्हणालो होतो. आज पूजा आटोपून विद्यापीठात गेलो आणि एक वर्ष वाढवून घेतले.

तुझाच,
म्हातारा विद्यार्थी