खालची रांग

जळगाव, मंगळवार, ८ सप्टेंबर १९९८

कॉलेजच्या सर्व्हरवर चाचणीसाठी आमच्या कॉन्व्हेंटच्या वर्गाचा फोटो लावला होता. वरच्या रांगेतली मी दिसायचे, खाली नुसता करडा पट्टा. धुळ्याला माझ्या वर्गातल्या कुसुमच्या युनिक्सवर फोटो पाठवणारी हीच स्क्रिप्ट बिनबोभाट चालते. शेवटी तिलाच फोन केला.

"अगं, तुझं विंडोज फोटोलाही मजकूर समजतं. ओळ संपली असं वाटलं की एक जादा बाइट घुसवतं. हा मजकूर नाही, एवढं सांग त्याला."

स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली आणि खालची रांग उघडली. मधोमध कुसुम, सिस्टरचा हात तिच्या खांद्यावर. इतकी वर्षं झाली, तरी तो हात... माझ्या खांद्यावर कधीच का आला नाही?

संध्याकाळी कुसुमचाच फोन. "काय वं, दिसला का बठ्ठा फोटो?"

"सगळा? अजून नाही," म्हटलं मी.