वाकड्या टाक्यांची उशी

धडगाव,
बुधवार, १९ मे २०२१

जनाब जब्बार मामू यांना भाचा मुजाहिदचा अदबीनं सलाम.

मी इथे खुशाल आहे. तुम्हीही शहाद्यात खुशाल आहात असं लिहायची रीत आहे आणि पेन तिथवर आलंही होतं, पण सकाळी शेजारच्या नमिराचा फोन आला आणि पेन थांबलं. ती म्हणते, ईदच्या दिवशी तिच्या घरून आलेला शीरखुर्मा तुम्ही वाटीसकट परत पाठवलात, वर साखर घालायला विसरलात काय म्हणून तिच्या अम्मीला ऐकवलंत. (साखर दुप्पट होती. नमिरानं स्वतः घातली होती, कारण मामूंना गोड लागतं.) त्या दिवसापासून तुम्ही खोकताय, गाद्या-उश्यांच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून आत पडून आहात आणि कोणी विचारलं की आतूनच ओरडता, ‘कापूसना खोकला शे, जा घर!’ मी फोन केला तर तुम्ही हलो म्हणता, मी खोकला म्हणतो आणि फोन कट होतो. पाच वेळा झालं. इथल्या रेंजला मी उगाच शिव्या घातल्या, बिचारी आज चांगली होती. कागदाला कट करायचं बटण नसतं, म्हणून हे पत्र. आपण घरात बोलतो ती अर्धी अहिराणी अर्धी हिंदी खिचडी मला लिहिता येत नाही, तेव्हा शाळेतली मराठी चालवून घ्या.

मला तुमच्या खोकल्याची भीती वाटते, मामू. एवढं एकदा लिहून टाकलं. आता तुम्ही पत्र फाडायच्या आत विषय बदलतो आणि तुम्ही पाठवलेल्या सतरा लोडांचं इथे काय झालं ते सांगतो. स्वतःच्या हातच्या मालाची हकिकत तुम्ही अर्धी सोडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तर आमचं कोविड सेंटर म्हणजे आश्रमशाळेचं वसतिगृह. एकोणीस खाटा, भिंतीवर पाढे, आणि त्या पाढ्यांखाली ऑक्सिजनचे सिलिंडर. डॉक्टर मॅडम एक, त्यांच्याकडे तीन सेंटरं, म्हणून त्या दिवसातून एकदा येतात. बाकीचा वेळ दोन सिस्टर आणि मी. माझ्या हुद्द्याचं नाव श्वसनोपचार तंत्रज्ञ. (तुम्ही मोहल्ल्यात सांगता, पोरगा हवेच्या नोकरीला लागला. सांगा. पण हसून सांगत जा, तोंड वाकडं करून नको.) आम्हाला वरून मार्गदर्शक सूचना येतात. पहिली आली तेव्हा चौसष्ट पानांची होती, इंग्रजीत. ती उतरवून घ्यायला मी फोन घेऊन शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढलो, कारण रेंज तिथेच असते. तेविसाव्या पानापर्यंत आली आणि बॅटरी गेली. दुसऱ्या दिवशी उरलेली उतरवली, तर तोवर सुधारित आवृत्ती आली होती आणि आदल्या दिवशी वाचलेली चार पानं रद्द झाली होती. त्यात एके ठिकाणी लिहिलंय की हे काम अनुभवी सहकाऱ्याच्या देखरेखीखाली करावं. मी आजूबाजूला पाहिलं. अनुभवी सहकारीही मीच होतो, देखरेखही माझीच, आणि ज्याच्यावर देखरेख ठेवायची तो नवशिकाही मीच.

त्याच सूचनांमध्ये पालथं झोपवायचं पान आहे. पेशंट शुद्धीवर असेल तर त्याला पालथं झोपवावं, म्हणजे पाठीकडचं फुफ्फुस मोकळं होतं आणि अंगात ऑक्सिजन वाढतो. एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. माणशी पाच उश्या! आमच्याकडे माणशी एक होती, तीसुद्धा चपाती. म्हणून मी तुम्हाला फोन केला आणि म्हटलं, मामू, उश्या लागतील, दवाखान्याला. तुम्ही हूं म्हणालात आणि फोन ठेवलात. (कापसाची पिंजण सोडून मी हा कोर्स केला तेव्हापासून तुम्ही माझ्याशी हूंच्या पुढे गेलेला नाहीत. तीन वर्षं झाली.) मी आपला समजलो की झालं, गेलं काम.

आणि चौथ्या दिवशी इंद्रसिंगची जीप घाट चढून आली. ब्राह्मणपुरीच्या कुठल्याशा लग्नाची ऑर्डर बंदीमुळे तुमच्या दुकानात पडून होती, ती सगळी तुम्ही उचलून दिलीत. मखमली खोळीचे, डाळिंबी रंगाचे, दोन्ही टोकांना जरीची फुलं असलेले सतरा लोड! इंद्रसिंगला नाक्यावर पोलिसांनी अडवलं, लग्नाला पंचवीसच माणसं चालतात म्हणाले, नवरी कुठंय विचारलं. तो म्हणाला दवाखान्यात नेतोय. पोलीस म्हणाले, अरेरे, नवरीला पण झालं? आणि सोडलं. तुम्हाला म्हणे असं वाटलं की आजारी माणूस म्हणजे पाहुणाच, त्याला साधी उशी कशी द्यायची. मामू, हे ऐकून मी गाडीमागे जाऊन थोडा वेळ उभा राहिलो. चष्म्यावर वाफ आली होती.

पण तुमचा लोड म्हणजे काय चीज आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको. मी खाटेखाटेला लोड दिले, पालथं कसं व्हायचं ते समजावलं आणि सिलिंडर बदलायला बाहेर गेलो. परत आलो तर सगळा वॉर्ड लोडाला कोपर टेकवून, एक गुडघा वर करून, रेलून बसलेला! खानदेशातल्या माणसाला लोड दिला की तो पालथा पडत नाही, तो टेकतो, आणि टेकला की बोलायला लागतो. (टेकून बसणंही सूचनांत आहे, खोटं कशाला बोलू. पण आळीपाळीनं. यांनी बैठकच घातली.) सात नंबरच्या गजराबाई, ब्राह्मणपुरीच्या, खाली कुठे खाट मिळाली नाही म्हणून इकडे वर आणलेल्या, त्यांनी समोरच्या रतिलालशेटना विचारलं की तुम्ही मुलाकडचे का मुलीकडचे. शेट धान्याचे व्यापारी, गप्प कसे बसतील? त्यांनी नातू काढला, गजराबाईंनी नात काढली, दोघांच्या नाकात नळ्या, बाईंचा ऑक्सिजन शहाऐंशी, आणि बोलणी मानपानापर्यंत पोचलेली. मला पाहून बाई म्हणाल्या, ‘भाऊ, चहा सांग दोन्ही पार्टीले.’

मी म्हटलं पालथ्या व्हा. त्या म्हणाल्या, व्याह्यासमोर? शेवटी शेटना तयार केलं. लोड गोल, शेटचं पोटही गोल. गोलावर गोल ठेवल्यावर काय व्हायचं? डोकं इकडे खाली गेलं की पाय तिकडे वर, पाय दाबले की डोकं वर. मी आणि सिस्टर दोन बाजूंना धरून उभे, मधे शेट हेलकावे खातायत आणि व्याहीणबाई नळी सांभाळत हसतायत. हसता हसता त्यांचा आकडा चौऱ्याऐंशी झाला. मग मात्र मला हसू आलं नाही.

तेव्हा मी जे केलं ते वाचून तुम्हाला त्रास होईल, पण ऐका. मी तुमचे लोड उसवले, सतराच्या सतरा. शाळेच्या मैदानात चादर अंथरली, पिंजण नव्हती म्हणून बांबूची छडी घेतली आणि लहानपणी तुम्ही शिकवलं होतं तसा सगळा कापूस झोडून मोकळा केला. हात विसरले नव्हते, मामू. तुम्ही खांद्याला धरून म्हणायचात ना, जोर मनगटात ठेव, तसाच जोर आपोआप मनगटात आला. जुन्या चादरी फाडून चपट्या उश्या केल्या. शिवायला जखमेला टाके घालायची सुई मिळाली, ती मुळातच वाकडी असते, त्यामुळे टाक्यांबद्दल काही बोलू नका. मखमली खोळी वाया घालवल्या नाहीत, त्या धुऊन खिडक्यांना लावल्यात. वॉर्डात दुपारी सगळे डाळिंबी दिसतात.

गजराबाई त्या उश्यांवर पालथ्या झाल्या. आधी पंधरा मिनिटं, मग अर्धा तास, मग दोन-दोन तास. शहाऐंशीचा एकोणनव्वद झाला, मग ब्याण्णव. अकराव्या दिवशी पंच्याण्णव झाला आणि त्या घरी गेल्या. कापूस तुमचाच होता. हवेच्या नोकरीत तुमच्या कापसानं बाई उठवली, हे मोहल्ल्यात सांगितलंत तर माझी हरकत नाही.

जाताना त्या फाटकाशी थांबल्या. आम्ही डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात असतो, कोण कोण आहे कळावं म्हणून पाठीवर मार्करनं नाव लिहितात. माझ्या पाठीवर ‘मुजाहिद ऑक्सिजन’ लिहिलेलं असतं, म्हणून सगळे ऑक्सिजनभाऊ म्हणतात. बाई म्हणाल्या, ‘तुन्हं तोंड त दखाड एकदाव.’ मी लांब जाऊन मास्क काढला. त्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाल्या, ‘इतलासा पोर शे तू!’ मग जीपमध्ये बसून गेल्या. दोन महिन्यांत माझं तोंड पाहिलेलं ते एकच माणूस.

खरं सांगू का मामू, मला इथे फार एकटं वाटतं. सूचनांत लिहिलंय की खाटेपाशी कमीत कमी वेळ थांबा, सगळी कामं एका फेरीत उरका, गरज नसताना हात लावू नका. बरोबरच आहे. पण माणूस हात पुढे करतो आणि आपण नळी तपासल्यासारखं करतो, हे रोज करून करून मी घट्ट होत चाललोय की काय असं वाटतं. ईदला मी तुम्ही मागच्या वर्षी शिवलेला कोरा कुर्ता घातला. वरून तो पांढरा पोशाख चढवला आणि आठ तास कोणालाही न दिसता नवे कपडे घालून फिरलो. खोलीवर येऊन एकट्यानं बिस्किटं खाल्ली, आणि आरशातल्या माणसाला ईद मुबारक म्हटलं. तोही म्हणाला. मामी गेल्यावर तुम्ही तिथे एकटे, मी इथे एकटा, आणि दोघं मिळून एका हूंवर तीन वर्षं काढतोय. काय मिळवलं आपण?

आता एकच गोष्ट लिहायची राहिली. त्या दिवशी मैदानात कापूस झोडताना मी तोंडाला मास्क लावला होता. काम संपल्यावर काढून पाहिला, तर बाहेरून त्याच्यावर कापसाच्या धुळीचा बोटभर फसका जमला होता आणि आतून तो स्वच्छ होता. तुम्ही चाळीस वर्षं तो फसका नाकानं आत घेतलात, त्यातली बारा वर्षं मला वाढवण्यासाठी. तेव्हा कापसाचा खोकला असतो हे मला मान्य आहे, त्यावर भांडण नाही. पण कापसाच्या खोकल्यात शीरखुर्मा फिका लागत नाही, मामू.

नमिराला दुआ. तिच्या अम्मीची माफी मागा, ती लांबून मागितली तरी चालेल.

आपला,
हवेच्या नोकरीतला मुजाहिद

ता. क. इंद्रसिंगबरोबर एक उशी पाठवतोय. ती तुम्ही हातात घेऊन पहिल्यांदा टाके बघाल आणि मला शिवी द्याल. द्या. एक कोपरा तर मी मुद्दाम इतका घाणेरडा शिवलाय की तो तसा ठेवून तुम्हाला झोप लागणार नाही. उसवा तो. आत कापसात बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचा एक लहान चिमटा आहे, माझा स्वतःचा. तो नुसता दिला असता तर तुम्ही गल्लीत भिरकावला असता.

ता. क. दुसरा. डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लावा. उजव्याची बोटं ईदला दाढीला मेहंदी लावून रंगलेली असणार, त्यावर आकडा चुकायला नको. मिनिटभर हलू नका. मग दुकानात सहा मिनिटं चाला (चार पावलांवर भिंत येते, वळा) आणि परत बघा. दोन्ही आकडे खिडकीतून नमिराला मोठ्यानं सांगा, खोटे सांगू नका. मी टाकीवर फोन घेऊन बसलोय.

ता. क. तिसरा. दोन्ही वेळा चौऱ्याण्णव किंवा वर असला तर कोपरा नीट शिवून उशी परत पाठवा, तुमचा सरळ टाका पाहिला की मी ओळखेन. पण रोज दोनदा तो चिमटा लावायचा. आणि खाली असला, किंवा चालल्यावर तीन-चारनं उतरला, तर शिवत बसू नका. उशी तशीच उसवलेली काखेत घ्या आणि जीपमध्ये मागे बसा. इंद्रसिंग मास्क लावून, काचा उघड्या ठेवून शटरसमोर थांबलाय. सात नंबरची खाट मॅडमना विचारून ठेवून घेतलीय. बाकीच्या चार उश्या तिच्यावर आहेत.

ता. क. शेवटचा. तुम्ही आलात तर सूचनांमधलं एक पान मी पाळणार नाही. मी हात धरणार आहे.