उसना घसा

ब्लॅकरिग,
३१ मार्च १९७४

ती. एडना हिस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि मफलर, दोन्ही पोचलं. मार्शगेटच्या मैदानावर चहाचं खोपटं चालवणारी माझी थोरली बहीण आमच्या ब्लॅकरिगच्या तपकिरी-पिवळ्या रंगाचा मफलर विणते, हे तुमच्या लोकांना कळलं तर तुझी किटली जप्त होईल. ऊब छान आहे. मानेवरचं भोकही झाकलं जातं. डॉक्टरांनी जानेवारीत स्वरपेटी काढली तेव्हापासून शेजारीपाजारी त्या भोकाकडे बघायचं नाही असं ठरवून नेमके तिथेच बघतात.

तू लिहितेस, वीस तारखेच्या फुटबॉल सामन्याला ये. नाही येणार. खाणीच्या फाटकावर उभा राहून मी कामगारांसाठी उभा जन्म बोललो. मालकांनी ऐकलं, पोलिसांनी ऐकलं, पाऊस पडत असताना माणसं थांबून ऐकत राहिली. शनिवारी तोच घसा ब्लॅकरिगच्या संघामागे परगावी जायचा. मी विचारायचं, कोण आलंय? आणि आपल्या माणसांनी ‘ब्लॅकरिग!’ म्हणून परक्या छपराचे पत्रे थरथरवायचे. आता बोलण्याऐवजी लिहायला शाळकरी पोरासारखी गळ्यात पाटी अडकवून उभा राहू? आणि तेही तुमच्या क्लिफ बूथ खाटकासमोर? त्याच्याशी मी दरवर्षी मैदानाच्या कठड्यापाशी जीव खाऊन भांडलो आहे.

सामना जिंकलो तर आमचा क्लब लीगमध्ये टिकतो, नाहीतर खाली जातो. खाली गेलेल्या क्लबाच्या मैदानावर पुढे गोदामं उभी राहतात, हे आपण पाहिलंय. मोठे क्लब टीव्हीवर चमकोत. पण स्वतःच्या मैदानाचं गवत स्वतः कापणारी, स्वतःच्या पैशाने रंग आणून कठडा रंगवणारी माणसं जिथे उभी असतात तिथेच हा खेळ जिवंत आहे, हे मी मरेपर्यंत सांगेन. म्हणजे, लिहीन. म्हणूनच तिथे मुका खांब होऊन उभं राहवणार नाही.

रागावू नकोस. माया आहे तेवढी राहू दे.

तुझा,
सिरिल

मार्शगेट,
५ एप्रिल १९७४

चि. सिरिल यास,
एडनाचे अनेक आशीर्वाद.

तुझं भाषण पोचलं. घसा गेला तरी भाषण काही जात नाही, म्हणून जीव भांड्यात पडला.

आता माझं ऐक. तुमच्या क्लबचं काम बघणारी नेली इथे सामन्याची व्यवस्था ठरवायला आली होती. ती म्हणाली की तू यायचा थांबलास तेव्हापासून परगावच्या मैदानावर तुमच्यातला एकही सुरुवात करत नाही. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात आणि गोरामोरा चेहरा करून घरी जातात. म्हणजे मुका तू एकटा नाहीस, अख्खं ब्लॅकरिग मुकं झालंय. मी नेलीला सांगून टाकलंय की बसमधली तुझी खिडकीची जागा धरून ठेव.

क्लिफ बूथ रोज खोपट्यापाशी येऊन विचारतो, बाई, तुमचा तो भोंगा यंदा येतोय ना? वर्षभर म्हणे त्याने उत्तरं जमवून ठेवलीत. तुझ्या ऑपरेशनचं मी त्याला सांगितलेलं नाही. तुझी गोष्ट आहे, तूच सांग.

मध्यंतरात दोन्हीकडचे लोक नेहमीप्रमाणे बाजू बदलायला माझ्या खोपट्यावरूनच जातील, ज्याचा त्याचा संघ ज्या गोलावर चढाई करणार त्याच्या मागे उभं राहायला. त्या गर्दीत तू दिसला नाहीस तर पुढचा मफलर मी आमच्या मार्शगेटचा निळा विणेन.

तुला जीव लावायची सवय जुनी आहे. ती या वयात मोडायला लावू नकोस.

एडना

ब्लॅकरिग,
२१ एप्रिल १९७४

ती. एडना हिस,
सा. न. वि. वि.

तू काल किटलीपाशी अडकली होतीस. म्हणून तुझ्या नजरेआड काय झालं ते लिहितो.

पूर्वार्धात मी कोटाच्या आत पाटी दडवून कोपऱ्यात उभा होतो. नेली म्हणाली ते खरं होतं. आपली माणसं पायाकडे बघत होती आणि आपली पोरं तुमच्या मैदानाच्या चढावर धापा टाकत होती. तुमचा एक गोल झाला.

मध्यंतरात तू मला चहा दिलास आणि गर्दी तुझ्याकडे वळली, मी पुढे सरकलो, तेवढ्यात समोरून क्लिफ. निळी फीत छातीवर, पोट तिच्याही पुढे. तो गरजला की ब्लॅकरिगवाले आलेत हे कळलंच नाही, त्याला वाटलं बसमधून खाणीतले दगड उतरवले. पण दगडसुद्धा घरंगळताना आवाज करतात. सगळे हसले. माझ्या उत्तरासाठी मग सगळे थांबले. क्लिफही थांबला, डोळे चमकवत. एडना, माझ्याकडे उत्तर होतं. तोंडात तयार होतं. मी मफलर खाली ओढला.

त्याचा चेहरा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. काल पाहिला. मला त्या दयेची इतकी चीड आली की मी पाटी बाहेर काढली आणि लिहिलं: उत्तर आहे. ओरडायला माणूस नाही.

क्लिफने ते वाचलं. टोपी मागे सारली. म्हणाला, मग लिही की लेका, वाट कसली बघतोस, लिहिशील ते मी ओरडेन. आणि स्वतःच्या माणसांकडे पाठ फिरवून तो माझ्याबरोबर आमची माणसं उभी होती त्या गोलामागे चालत आला! तुमच्या लोकांनी त्याला फितूर म्हटलं. त्याने मागे न बघता सांगितलं की इतकी वर्षं मी एकटा भांडलो असतो तर वेड्यांच्या इस्पितळात गेलो असतो.

मी लिहिलं, कोण आलंय? तो ओरडला. आपल्या माणसांनी त्या निळ्या फितीकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. मग नेलीला माझ्या हातातली पाटी दिसली आणि तिने ती बाकीच्यांना दाखवली. तो दुसऱ्यांदा ओरडला तेव्हा ‘ब्लॅकरिग!’ असं आलं की तुझ्या खोपट्याची झडपही हलली असेल.

मग मी सुटलो. लाइन्समनने झेंडी वाळत घातली आहे का, इथपासून सुरुवात केली. क्लिफ वाचायचा, मी बाहीने पुसायचो, पुन्हा लिहायचो. एकदा लिहिलं: मार्शगेटचा बचाव क्लिफ बूथच्या सॉसेजसारखा, मांस कुठेच नाही, आत नुसता पाव! तो अर्ध्यापर्यंत ओरडत गेला आणि तिथे त्याला कळलं. माझ्याकडे बघितलं. शब्द दिला होता. उरलेलंही शेवटपर्यंत ओरडला, तेही मोठ्याने. अख्खं मैदान हसलं, तुमचा गोलकीपर हसला, आणि त्या हसण्यातच आमच्या पोरांनी बरोबरी केली.

शेवटी शेवटी कॉर्नर मिळाला. आमच्या हार्टलीने चेंडूला डोकं लावलं. गोल! पाटी कोरी होती, एडना. मी काहीच लिहिलं नव्हतं. क्लिफ आपल्या मनाने ओरडला, दोन्ही हात वर करून. मग छातीवरच्या फितीकडे बघून हळूच खाली घेतले.

आम्ही टिकलो. माझं म्हणणं मी सोडत नाही: जिथे शत्रूच तुमचं म्हणणं मांडतो तो खेळ कोणाला विकत घेता येणार नाही.

तू हट्टी आहेस. तशीच राहा, आणि माझी राहा.

सिरिल

मार्शगेट,
२४ एप्रिल १९७४

चि. सिरिल यास,
अनेक आशीर्वाद.

झडप हललीच नाही, निखळली. दुरुस्तीला नेलीला पाठव.

आणि एक बातमी. क्लिफचा घसा पार बसलाय. चार दिवस झाले, एक अक्षर फुटत नाही. दुकानात तो खडूने लिहून गिऱ्हाइकांशी बोलतो, आणि गिऱ्हाइकं विचारतात, सॉसेजमध्ये आज पाव किती? त्याला उलटून बोलता येत नाही म्हणून लांबलांबची माणसं येतात. त्याची बायको म्हणते, लग्नानंतर घरात पहिल्यांदाच शांतता आहे, तुमच्या भावाला आशीर्वाद सांगा.

काल मी मटण आणायला गेले तर त्याने मला थांबवलं. बराच वेळ पाटीवर लिहीत होता, पुसत होता. शेवटी जे राहिलं ते तसंच तुला उतरवून पाठवते:

पुढच्या मोसमात ब्लॅकरिगला येतोय. उत्तरं तयार ठेव. आवाज परत आला की अर्धा तुझा.

मफलर मळला असेल तर धुवायला पाठव. आणि तुझी माया, ती न धुता तशीच येऊ दे.

एडना