शिवलेली चार पानं

मुळशी,
ता. ८ ऑक्टोबर १९५८

चि. एस्तेर हिस,
सगुणावहिनीचा प्रभूमध्ये सलाम वि. वि.

जयाने एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवलेली कादंबरी पोचली. अर्धी वाचून झाली, शिवण सुटली, आई, शिवून दे, एवढीच चिठ्ठी आत होती. तुझे दादा गेल्यापासून चर्चच्या मंडळीची गीतांची पुस्तकं मीच शिवते, तेव्हा हेही शिवलं. शिवता शिवता सगळं वाचलं. ते शिकवत त्या शाळेच्या भिंतीआड उभी राहून अक्षरं शिकलेली बाई मी, पुस्तक हातात आलं की राहवत नाही.

पुस्तक मला आवडलं नाही. देवाचं नाव एकदाच येतं, तेही शपथ घ्यायला. जया मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी तुझ्या घरी राहिल्यापासून तिच्या पत्रात दुसरं काही नसतं. आत्याने वाचून दाखवलं, आत्या असं म्हणाली, आत्या आणि मी रडलो. बाप गेला तेव्हा ही पोर माझ्याजवळ बसून रडली नव्हती.

पोरीचं मन कोवळं आहे, म्हणून तिने अजून न वाचलेल्या भागातली चार पानं मी कडेने शिवून टाकली आहेत. सारजाबाई शेळ्या घेऊन दारावरून चालली होती. पुस्तकाला चोळीवानी टाकं घालतीयास, आत उंदीर हाय व्हय, असं तिने विचारलं. मी म्हटलं, उंदीरच आहे.

नाताळला जया आली की तिला परत धाडायचा माझा विचार नाही. ट्रेनिंग अर्धं राहिलं तर राहू दे. अशी पुस्तकं वाचण्यापेक्षा ते बरं.

पडसं गेलं का? दवाखान्यात रात्रपाळी करतेस तर काढा घेत जा. माझ्यावर माया उरली असेल तेवढी राखून ठेव.

सगुणा


पुणे,
ता. १७ ऑक्टोबर

ती. सगुणावहिनींस,
एस्तेरचा सादर सलाम वि. वि.

पडसं बरं आहे. तुम्ही परत पाठवलेलं पुस्तक मिळालं. तुमचे टाके दादांपेक्षा बारीक आहेत. जया घरी नसताना मी ते उसवले, हवं तर रागवा. पुढचा भाग मीही वाचलेला नव्हता. नायिका घर सोडून पळते ती पानं बंद असतील, नाहीतर दारूच्या गुत्त्याची, असं मला वाटलं होतं. ती तर उघडीच आहेत. बंद आहेत ती कुठली, तर आईपासून लांब वाढलेली मुलगी मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणते की मी तुझ्याच पोटी यायला हवं होतं, ती. वहिनी, यात पाप कोणतं?

दादा म्हणायचे, बायबलबाहेरचं पुस्तक मिटलं की लगेच प्रार्थनेला बसा. मन लागलं नाही तर आडवं आलं ते पुस्तकातलं की आपल्याच मनातलं, हे आधी पाहा. जया आणि मी रोज तसंच करतो.

अजून एक सांगते. शिवण आपोआप सुटली नव्हती. जयाला कात्रीने दोरा कापताना मी पाहिलं. ती म्हणाली, नुसतं पाठवलं तर आई उघडणार नाही, शिवायला दिलं तर वाचेल, मग माझ्याशी त्याबद्दल बोलेल. मला पोरबाळ नाही, वहिनी. त्या वेळी मला तुमचा फार हेवा वाटला.

मार्चमध्ये परीक्षा आहे, तोवर तिला राहू द्या. रागातही आठवण ठेवा.

एस्तेर


मुळशी,
ता. २६ ऑक्टोबर

चि. एस्तेर हिस,
सलाम वि. वि.

तुझा राग आला होता, अजून आहे. दादांचं म्हणणं तू मला शिकवू नकोस. ते त्यांनी मला आधी सांगितलं होतं, तुला नंतर. अजूनही संध्याकाळी त्यांची जागा मोकळी ठेवून मी प्रार्थनेला बसते.

ती पानं वाचली त्या दिवशीही बसले होते. डोळे मिटले की तुझी मांडी दिसायची आणि तीवर जयाचं डोकं. मी देवाला सांगितलं, पुस्तक वाईट आहे. तो काही बोलला नाही, म्हणून मी सुई घेतली. आडवं आलं ते पुस्तकातलं नव्हतं. हे तुला लिहायला मला फार जड जातंय.

म्हणून सगळं पुस्तक चांगलं झालं असं समजू नकोस. त्या गुत्त्याचं वर्णन लिहिणाऱ्याला नको इतकं गोड लागलंय. त्यावर जयाला मी विचारणार आहे.

परीक्षेपर्यंत तिला राहू दे. नाताळला पुस्तक घेऊन दोघी या. येण्याआधी ती चार पानं माझ्याच टाक्यांच्या भोकांतून परत शिव. जयासमोर मी ती माझ्या हाताने उसवीन आणि संध्याकाळच्या प्रार्थनेआधी तिने ती मला मोठ्याने वाचून दाखवावी. तांदळाच्या भाकरी आणि धरणातली मासळी तुला पोटभर वाढीन. फक्त ती पानं वाचून होईपर्यंत तू पाणी आणायला जा. घागर मी मोठी देईन.

जयाचा लोभ आपल्या दोघींवर सारखा असावा, असं मागणं मागते आहे.

सगुणा