रेवाचे हात

रविवार, दिवेलागण

आज आम्ही नणंदेसोबत इतवारीच्या बाजारात गेलो होतो, तिच्या मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला. माझी एकोणीस वर्षांची लेक रेवाही होती. दुकानातल्या पितळी ताटांवर ऊन पडलं, त्याचा पिवळा कवडसा छतावर पाण्यासारखा हलू लागला आणि रेवाचे दोन्ही हात फडफडू लागले. ती ऑटिस्टिक आहे. आनंद झाला की तिचे हात असेच उडतात.

नणंद कुजबुजली, "वहिनी, हात धरा न तिचे. लोकं पाहून राहिले. लग्नात असं केलं तर?"

माझ्याआधी रेवाच बोलली. "आत्या, हात धरले तर मले नीट दिसत नाही."

 मग नणंदही वर बघत राहिली. मी आतापर्यंत समजत होते, आधी दिसतं, मग हात हलतात. की हातांनीच बघते ती? कोण जाणे. तो कवडसा अजून डोळ्यांपुढे तरंगतोय.

परतताना नणंद म्हणाली, "रेवा, हळदीले माझ्याजवळ बसशील न वं?"

"बँड वाजला तर मी उठून जाईन."

"जाय न. परत येशील तोवर तुझी जागा कोणालेच नाही देणार."