‘पाणी नाही’ म्हणणारा डबा

प्रिय अण्णा,

रडून झालं, आता पहाटेच रागाने लिहितेय. काल सौरपंपाच्या कंपनीचा माणूस आपल्या जाफराबादच्या दुरुस्तीच्या दुकानात आला आणि पंपाच्या कंट्रोलरसाठी, म्हणजे मोटार चालू-बंद करणाऱ्या त्या डब्यासाठी, ‘सुधारणा’ देऊन गेला. काय सुधारणा? मोटार सुरू होण्याआधी डब्याने स्वतःचं माप शून्यावर आहे का ते बघायचं, आणि नसेल तर तेवढा फरक धरून चालायचं. अण्णा, हेच तुम्ही दोन वर्षांपूर्वी कानीकपाळी ओरडून सांगत होतात!

पिंपळगाव रेणुकाईच्या रामभाऊंचा पंप रोज सकाळी बंद पडायचा. डबा म्हणायचा, विहिरीत पाणी नाही. रामभाऊ काठावरून ओरडायचे, "गळ्याइतकं पाणी हाय, अन् ह्यो म्हनतो न्हाई! ह्याला आत ढकलून दाखवू का?"

तुम्ही मोटारीच्या तारा सोडवल्या. काहीच वाहत नव्हतं, तरी डबा उणे शून्य पॉइंट तीन अँपिअर दाखवत होता. "बघ सुनीता, रिकाम्या तराजूचंच पारडं झुकलेलं हाय. त्याच्यावर माल काय मोजायचा?" कोवळ्या उन्हात मोटार जेमतेम सव्वा अँपिअर घेते. डब्याला ती एकाच्याही खाली दिसायची, मग मोटार कोरडी फिरतेय समजून तो बंद करायचा.

आणि कंपनीचे साहेब तपासायला आले कधी? भर दुपारी बाराला! आठ अँपिअरच्या जागी सात पॉइंट सात. "एवढं चालतं," म्हणाले. तुम्ही विनवलंत, "साहेब, हाच फरक सकाळी बघा." त्यांना सकाळी यायला जमणार नव्हतं. त्यापेक्षा आधीच्या दुरुस्तीत तुम्ही डब्यातल्या बोर्डावर केलेल्या सोल्डरिंगवर बोट ठेवणं सोपं होतं.

पण तुम्ही सही का केलीत? ‘दुरुस्तीतील चुकीमुळे बिघाड’ असं लिहिलेल्या कागदावर! सहीशिवाय नवा डबा मिळणार नाही आणि रामभाऊंची मिरची वाळेल, म्हणून? नवा डबाही तसाच निघाला. तुमचं कंपनीचं काम मात्र गेलं, आणि मरेपर्यंत लोक तुमच्या हातांकडे बघत राहिले.

मी तरी कोणत्या तोंडाने बोलू? त्या संध्याकाळी मीच विचारलं होतं, "अण्णा, खरंच हात हलला का हो?" तुम्ही नुसता चष्मा पुसत बसलात. एक शिवी तरी हासडायची होतीत!

काल त्या माणसाने माझ्यापुढे फॉर्म सरकवला. सुधारणा कशामुळे करावी लागली, त्या रकान्यात आधीच छापलेलं: ‘स्थानिक दुरुस्तीतील दोष’.

"ताई, करा की सही. सगळेच करून राह्यले. तुमच्या वडलांनी तर मागंच केल्ती."

अंगाची नुसती आग झाली. मी फॉर्म ठेवून घेतला आणि त्याला सांगितलं, उद्या सकाळी सात वाजता रामभाऊंच्या विहिरीवर या.

तो आज आला नाही तरी मी जाईन, अण्णा. कोवळ्या उन्हात माप घेईन. छापलेल्या ओळीवर काट मारून लिहीन, की हा दोष डब्यात कारखान्यातूनच आला आणि तो शोधला तुम्ही. तुमचं पूर्ण नाव लिहीन, आडनावासकट. त्याखाली माझी सही. आणि ती करण्याआधी रामभाऊंना मोठ्याने सांगेन, की अण्णांवर संशय घेणाऱ्यांत मीही होते.

तुमचीच,
सुनीता