निळ्या ड्रमांचं गोदाम

११ मे, रविवार
डाळमिल सोडली त्याला दीड महिना झाला. सोडली, काढलं वगैरे काही नाही. मालक एवढंच म्हणाले की उद्यापासून नाही आलात तरी चालेल, आणि मी ते मनावर घेतलं.

नवा धंदा पक्का. नीटची जुनी पुस्तकं ऑनलाइन विकणे. लातुरात या मालाला तोटा नाही. परीक्षा झाली की हॉस्टेलची पोरं दोन वर्षांची पुस्तकं रद्दीवाल्याला वजनावर देतात आणि गावाकडे पळतात. या वेळी रद्दीवाल्याच्या आधी मी गेटवर उभा होतो. तीन ऑटो भरून माल आणला. तूर्त पोरीच्या, तनुजाच्या खोलीत ठेवला आहे. अगदी तात्पुरता.

संकल्प: रोज दहा पुस्तकांचे फोटो काढून साइटवर टाकणे. रोज म्हणजे रोज.

१२ मे
बुद्ध पौर्णिमा. खीर. सुट्टी.

१३ मे
सुट्टीनंतर एकदम काम सुरू करू नये, अंगावर येतं.
तनुजाचा दहावीचा निकाल लागला. चांगले मार्क आहेत. माझ्यावर गेली आहे.

१५ मे
बायकोने, महामायाने विषय काढला. दवाखान्यातून ड्यूटी करून आली होती, पाय सुजलेले होते, त्यामुळे सूर थोडा चढा. पोरगी हॉलमध्ये झोपते, कारण तिच्या कॉटवर बायोलॉजी आहे. टेबलावर केमिस्ट्री. अकरावीचा अभ्यास ती काय हवेत करणार का?

मी शांतपणे सांगितलं की जागेचा प्रश्न नसतोच, प्रश्न सिस्टिमचा असतो. अकरा वर्षं मी गोदाम सांभाळलं आहे. महामाया म्हणाली, थप्पी हमाल लावायचे, तुम्ही खुर्चीवर बसायचात. तिला सुपरव्हिजन म्हणजे काय हे समजावून सांगितलं. मध्येच उठून गेली.

शेवटी ठरलं. तनुजाचे क्लास १६ जूनला सुरू. १५ जूनपर्यंत खोली रिकामी, नाहीतर महामाया स्वतः रद्दीवाल्याला बोलावणार. मी तनुजाला शब्द दिला. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. भावनाप्रधान मुलगी आहे.

१७ मे
मिलच्या पद्धतीने थप्पी लावली. एक थर आडवा, एक उभा. पंख्यापर्यंत नेली. अर्धी खोली मोकळी दिसायला लागली.

सायंकाळी ७
थप्पी कोसळली नाही. बसली. तुरीचा बारदानी कट्टा खरबरीत असतो, एकाला एक धरून राहतो. या पुस्तकांना गुळगुळीत कव्हरं घालतात. चूक छापणाऱ्यांची आहे.
पंख्याचं एक पातं वाकलं. तसंही जुनं होतं.

२० मे
आजपर्यंत साइटवर टाकलेली पुस्तकं: एक. फिजिक्स. आधीच्या पोराने की पोरीने हिरव्या पेनाने समासात सगळं समजावून लिहिलं आहे, अक्षर मोत्यासारखं. फोटोत फार छान आलं.

तनुजाने नेमकं तेच मागितलं. म्हणाली, हे माझ्याकडे राहू द्या ना. मी नाही म्हटलं. स्टॉक म्हणजे स्टॉक. घरच्यांनी गोदामातून उचलायला सुरुवात केली की धंदा बसतो. मिलमध्ये हेच झालं. (माझंही नाव त्यात आलं होतं, पण तो वेगळा विषय.) हवं असेल तर बाकीच्या गिऱ्हाइकांसारखं ऑनलाइन मागव, असं सांगितलं. बरं म्हणाली. व्यवहार लवकर शिकली.

२४ मे
जागेचा शोध चालू. दिवाणाखाली फुल्ल. कपाटावर फुल्ल. फ्रिजवर ठेवली होती, दार उघडलं की खाली येतात.
गव्हाच्या कोठीत ऑरगॅनिक केमिस्ट्री महामायाला सापडली. त्या दिवशी चपात्या तिने तिच्यापुरत्याच केल्या.

२८ मे
आई अर्धापूरला मावशीकडे गेली. केळीच्या बागेत राहील, पंधरा दिवस तरी. आणि ती गेल्या गेल्या मला सुचलं. आधी कसं सुचलं नाही याचंच नवल.

ड्रम!

आपला नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही त्याची लहर लागली तर. वर टाकी आहे, खाली हौद आहे. तरीही बोळात सहा निळे ड्रम उभे. ज्या वर्षी लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या वर्षी आईने ते जमवले. तेव्हापासून ड्रम रिकामा दिसला की तिला घास जात नाही. म्हणजे एका जुन्या भीतीपायी सहा ड्रम जागा अडवून बसले आहेत.

ड्रमचे गुण: पाणी शिरत नाही. उंदीर शिरत नाही. वाळवी लागत नाही. शिवाय आईने प्रत्येक झाकणाला पाईपापुरतं गोल भोक पाडून घेतलं आहे, म्हणजे नळ आला की झाकण काढायची कटकट नको, पाईप खुपसला की झालं. पुस्तकांना हवा लागतेच. व्हेंटिलेशन आयतं.

महामाया म्हणाली, आईंना विचारा. मी म्हटलं, सरप्राइज देऊ. ती म्हणाली, एक तरी ड्रम पाण्याला ठेवा. ठेवला. दोघांचं ऐकून निर्णय घेणं हाच माझा स्वभाव आहे.

२ जून
ड्रम रिकामे करायला घेतले. पाणी बोळातून नालीकडे सोडलं तर शेजारचे सिद्रामप्पा कुंपणावर येऊन उभे. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण पाण्याच्या आवाजाने झोपेतून उठतो.

म्हणाले, "पानी कामून सांडायलास आनंदराज? ते वरीस इसरलास का?"

मग त्यांनी घरातल्या सगळ्या बादल्या आणल्या आणि उरलेलं पाणी भरून नेलं. रिकाम्या ड्रमांचं काय करणार, असंही विचारलं. सांगितलं. बादली खाली ठेवून त्यांनी विचारलं, मंग नळ आला की? मी सहावा ड्रम दाखवला. त्यांना नवीन कल्पना लगेच पचत नाहीत, वय झालं.

५ जून
ऐतिहासिक दिवस. सगळा माल पाच ड्रमांत मावला. ठासून भरावा लागला, पण मावला. बाहेर मार्करने मोठ्या अक्षरात डी-१ ते डी-५. कुठल्या ड्रममध्ये कुठला विषय आहे हे लिहायचं राहिलं, ते डोक्यात आहे.

तनुजाची खोली रिकामी! पोरीने स्वतः फरशी पुसली, टेबल खिडकीजवळ सरकवलं, भिंतीवर टाइमटेबल लावलं. मग मला आत बोलावून खुर्चीवर बसवलं आणि चहा आणून दिला. मला भरून आलं. लिहायला काय हरकत आहे, खरंच भरून आलं. महामाया दारातून बघून, मान हलवून गेली. तिच्याकडून हे प्रशस्तिपत्रकच.

मुदतीच्या दहा दिवस आधी. मिलमालकाला फोटो पाठवावा का?

८ जून
पहिली ऑर्डर आली! आणि कोणाची? सिद्रामप्पांची! हिरव्या पेनाचं फिजिक्स. पैसे आधीच भरलेले. कुंपणावरून शंका काढतात आणि फोनवरून गुपचूप खरेदी करतात. या वयात फिजिक्सची आवड म्हणजे कौतुक आहे. की निलंग्याच्या नातवासाठी असेल.

तनुजाला बातमी दिली. ती हसली आणि म्हणाली, लवकर पाठवा, गिऱ्हाईक थांबत नसतं. बापाचा धंदा रक्तात उतरतो तो असा.

९ जून
पुस्तक बहुतेक डी-३ मध्ये तळाशी आहे. पाठ धरली आहे. उद्या.

१० जून
डी-३ नसावं. डी-१ असावं. तेही तळाशीच. उद्या नक्की.

११ जून
ऊन फार. महामायाची नाइट ड्यूटी. घर शांत असलं की विचार चांगले सुचतात, म्हणून आज फक्त विचार केला.

१२ जून, सकाळी ६
पहाटे सिद्रामप्पांनी कुंपणावरून हाक मारली, "नळ आला रे!" आई घरी नाही, महामाया ड्यूटीवर, म्हणजे जबाबदारी माझी. डोळे नीट उघडले नव्हते तरी उठलो, पाईप उचलला आणि कामाला लागलो. इतक्या वर्षांची सवय आहे, डोळे मिटूनही पाईप बरोबर भोकात जातो.

आज प्रेशर अफाट होतं. ड्रम भराभर भरले, नेहमीच्या निम्माही वेळ लागला नाही. भरले की भोकातून पाणी वर यायचं, पाईप पुढच्यात. सहाच्या सहा भरून हौदही भरला. आई उगाच सांगत फिरते की आनंदला पाणी भरता येत नाही. आता चहा.

सकाळी ६.२०
सहाच्या सहा.

सकाळी ६.३०
पाच ड्रममध्ये पुस्तकं होती.

सकाळी ८
आहेत. अजून आहेत. फुगून इतकी घट्ट बसली आहेत की वरून ओढली तर नुसती कव्हरं हातात येतात. ड्रमबद्दल माझा अंदाज बरोबर होता हे मात्र नोंदवून ठेवतो. पाणी आत शिरत नाही आणि एकदा शिरलं की बाहेरही जात नाही. प्लास्टिक एक नंबर आहे.

महामाया आली. बोळात उभी राहून सगळं बघितलं. मग साडी खोचून माझ्यासोबत ड्रम आडवा करायला लागली. रात्रभर ड्यूटी करून आलेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

१३ जून
आभाळ भरून आलंय, गच्चीवर पुस्तकं टाकता येत नाहीत. पंखा असलेली रिकामी खोली घरात एकच आहे. तनुजाची.

पूर्वी थप्पी होती तेव्हा निदान चालायला वाट होती. आता प्रत्येक पुस्तक उघडून वेगळं ठेवावं लागतं. फरशीवर, कॉटवर, टेबलावर, खिडकीत. टाइमटेबलच्या खिळ्याला दोरी बांधून तिच्यावर झूलॉजी. तनुजानेच मदत केली. पंख्याचं वाकलेलं पातं खट खट करतं.

१४ जून
आई आली, सोबत केळीचा घड. घड खाली ठेवायच्या आधी बोळात गेली. ड्रममधलं पाणी निळसर, वर कागदाचा लगदा तरंगतोय. डी-२ ला हात लावून उभी राहिली. वाटलं, आता माझी काही धडगत नाही.

ती एवढंच म्हणाली, "ड्रमात पानीच आसतंय आनंदा. तू दुसरं कशाला घातलास?"

याला उत्तर आहे, पण ते समजायला गोदामाचा अनुभव लागतो. केळी खाल्ली. दुपारपासून आई एकेक ड्रम राखेने घासते आहे, मला जवळ येऊ देत नाही.

१५ जून
मुदत. महामायाने शब्द पाळला, रद्दीवाल्याला बोलावलं. त्याने एक पुस्तक उचललं, पिळलं, जागेवर ठेवलं. ओला माल घेत नाही म्हणाला आणि निघून गेला. म्हणजे माल आपल्याकडेच राहिला. एका अर्थी ही माझी जीत आहे.
कोणत्या अर्थी ते उद्या लिहीन.

१६ जून
क्लासचा पहिला दिवस. तनुजाने हॉलमध्ये दप्तर भरलं आणि गेली.

फिजिक्स सापडलं. शेवटी उरलेल्या डी-५ मध्ये होतं, वरूनच दुसरं. चांगलं तिप्पट जाड झालंय, मिटत नाही. हिरवी शाई पसरली, पण अक्षर लागतं. दिलेला शब्द मी मोडत नाही. जुन्या पेपरात गुंडाळून स्वतः सिद्रामप्पांकडे घेऊन गेलो आणि उशिराबद्दल माफी मागितली, वर पुस्तकाची जाडी वाढल्याचंही सांगितलं.

ते ओट्यावर बसले होते. म्हणाले, "मला काय करायचं फिजिक्सचं? तुझ्या पोरीनं मागवलंय माझ्या फोनवरून. दहावीच्या बक्षिसाचे पैसे दिले मला. तूच म्हनलास म्हनं तिला, ऑनलाइन मागव."

मग त्यांनी पाणी प्यायला दिलं. मी ते पीत बसलो. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. याच्यावर काही तरी कारण लिहावं म्हणून दहा मिनिटं पेन धरून बसलोय.

१७ जून
पुस्तक तनुजाला दिलं. पैसे परत करायला गेलो तर म्हणाली, राहू द्या, तुमची पहिलीच ऑर्डर आहे.

आईने एक घासलेला ड्रम तिला दिला आहे. फक्त तिला. गच्चीच्या जिन्यावर, पत्र्याखाली, तो पालथा घालून त्यावर ती वही ठेवते. सायंकाळी गेलो तर फिजिक्स उघडं ठेवून वाचत होती. मिटतच नाही, त्यामुळे वजन ठेवायला लागत नाही, असं तिचं म्हणणं. मी विचारलं, वाचता येतं का? "येतं पप्पा. तुम्ही उजेडातून बाजूला व्हा."
झालो.

१८ जून
साइटवर रिव्ह्यू आला. नाव सिद्रामप्पांचं, पण त्यांना एवढं शुद्ध लिहिता येत नाही.

"पुस्तक उशिरा आलं आणि ओलं आलं. विक्रेते स्वतः घरी आणून देतात."

पाचपैकी दोन स्टार. एक पुस्तकाचा असेल. दुसरा कशाचा, ते विचारायला जिन्यापर्यंत गेलो होतो. ती वाचत होती, म्हणून परत आलो.